रिकामा कंटेनर आणि आडवा वारा : तुम्ही गाडी कधी थांबवता?

लांबपल्ला
नमस्कार मंडळी, गेल्या आठवड्यात जे झालं ते अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून धागा काढतोय. जरा लांबेल पण वाचा, खासकरून जे मोठ्या गाडीवर नवीन आहेत त्यांनी.

बत्तीस फुटी बंद कंटेनर, माल उतरवून रिकामा परत निघालो होतो. वारा सकाळपासूनच होता पण जाताना गाडी भरलेली होती, काही जाणवलं नाही, आणि मी तेवढ्यावरच विसंबलो. परतीला एक लांब खिंड लागते, दोन्ही बाजूला उंच दरड, आत वारा अजिबात नाही, गाडी एकदम शांत चाललेली, त्यामुळे मीही सैलावलो आणि काटा पंच्याहत्तरच्या पुढे गेला. खिंड संपते तिथून लगेच पूल सुरू होतो. पुढची चाकं पुलावर गेली असतील नसतील तेवढ्यात डावीकडून असा झोत बसला की गाडी अख्खी शेजारच्या पट्ट्यात सरकली. मी वळवली नाही, ती सरकली. मी स्टेअरिंग डावीकडे ओढलं, गाडी जागेवर यायला लागली आणि नेमका त्याच क्षणी वारा पडला. आता स्टेअरिंग तर डावीकडेच धरलेलं आणि पलीकडे ढकलणारा वारा नाही, मग गाडी सरळ डाव्या कठड्याकडे निघाली. कठडा आणि माझ्यामध्ये हातभर अंतर राहिलं असेल. शेजारच्या पट्ट्यात तेव्हा कोणी नव्हतं म्हणून आज हे लिहितोय.

पूल ओलांडून गाडी बाजूला घेतली आणि वारा उतरेपर्यंत चार तास हललो नाही. त्या चार तासात एकच विचार येत होता, की बावीस वर्षं गाडी चालवून मी रिकाम्या गाडीला हलकं समजत होतो. भरलेल्या गाडीत आपण उताराला जपतो, वळणाला जपतो, ब्रेकचं बघतो, आणि रिकामी झाली की सुटलो म्हणतो. वाऱ्यात हे बरोबर उलटं आहे. पत्र्याची बाजू तेवढीच उंच, तेवढीच लांब, फक्त तिला जमिनीला धरून ठेवणारं वजन गेलेलं.

तर विचारायचं हे, की तुम्ही थांबायचं कसं ठरवता? कुठल्या खुणेवर?

ट्रेलरवाला
बरं झालं लिहिलंत दादा. मी ट्रेलरवर आहे आणि आमच्याकडे अजून एक भानगड असते, मागचा ट्रेलर काय करतोय ते पुढे केबिनमध्ये कळतच नाही. पुढचं घोडं (इंजिन-केबिनचा ओढणारा भाग) जड, ते रस्ता धरून असतं, तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे, आणि मागे वाऱ्याच्या बाजूची चाकं हलकी पडलेली असतात. तुमच्या बुडाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून वाऱ्यात माझी नजर दर थोड्या वेळाने वाऱ्याच्या बाजूच्या आरशात जाते, मागची चाकं पट्ट्याच्या रेषेपासून किती लांब आहेत ते बघतो. रेषेशी अंतर सारखं बदलायला लागलं की शेपूट डोलतंय, तिथे मी अजून वेग उतरवतो, आणि तरी डोलत असेल तर थांबायची जागा शोधायला लागतो.

आणि ब्रेक. झोत बसला की पाय आपोआप ब्रेकवर जातो, तो जाऊ द्यायचा नाही. टायरची पकड एकच असते, तीच गाडीला रस्त्यावर धरते आणि तीच ब्रेकला लागते. आडवा वारा ढकलत असताना जोरात ब्रेक मारला तर ट्रेलर दुमडायला वेळ लागत नाही, रस्ता ओला असेल तर मुळीच नाही. रेस हळूच सोडायची, बस.

वेगवान_गडी
माझं मत थोडं वेगळं आहे. पुलावर वारा जास्त असतो हे मान्य, पण म्हणूनच पूल पटकन काढावा ना, जितका वेळ कमी तितका धोका कमी. हळू गेलं तर वाऱ्यात जास्त वेळ राहतो आपण. मी तर असंच करतो आणि आजवर काही झालं नाही.

गणितवाली
वेगवान_गडी, हा समज खूप जणांचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी गाडी चालवत नाही, माझे बाबा चालवायचे, मी भौतिकशास्त्र शिकवते.

गाडीला जो वारा लागतो तो फक्त आडवा वारा नसतो, तुमच्या वेगामुळे समोरून येणारी हवा त्यात मिसळते. समजा आडवा वारा ताशी ८० किमी आहे आणि तुम्ही ६० ने चाललाय, तर गाडीवर तिरका बसणारा वारा ताशी १०० किमीचा असतो (६०, ८०, १०० हा काटकोन त्रिकोण शाळेत सगळ्यांनी केलाय). तुम्ही ८० ने गेलात तर तोच ११३ होतो. आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर दाब चौपट. हा वारा तिरका असल्यामुळे सगळाच जोर आडवा जात नाही हे खरं, पण गाडीचा वेग वाढला की बाजूचा धक्काही वाढतो हे नक्की.

आता आकडे. ताशी ६० किमीचा वारा दर चौरस मीटरला साधारण १७ किलोचा दाब देतो, ८० चा वारा ३० किलो, १०० चा ४७ किलो. बत्तीस फुटी कंटेनरची एक बाजू २५ चौरस मीटर धरा. म्हणजे ८० च्या वाऱ्यात पाऊण टन जोर बाजूने ढकलतोय. रिकामी गाडी ८ टन असेल तर तो वजनाच्या नऊ टक्क्यांच्या वर गेला, भरून २४ टन असेल तर तीन टक्के. लांबपल्लादादा जाताना काही जाणवलं नाही म्हणतात ते यामुळे.

आणि एक गोष्ट. आठ टनांची उभी गाडी आडवी पडायला हे आकडे पुरत नाहीत, बरीच शिल्लक राहते. पण ती शिल्लक चालत्या गाडीची नसते. स्वतःचा वेग त्यातून थोडं खातो, वळण खातं, झटक्यात फिरवलेलं स्टेअरिंग तर फारच खातं. शिवाय उलटण्याच्या खूप आधी गाडी पट्टा सोडते. पट्टा साडेतीन मीटरचा, गाडी अडीच मीटर रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा मीटर. ताशी ८० ला एका सेकंदात २२ मीटर पुढे जाता, ४० ला ११. त्या अर्ध्या मीटरात सावरायला वेळ कुठल्या वेगात मिळेल ते तुम्हीच बघा.

वेगवान_गडी
ताई, हे समोरून येणारी हवा मिसळण्याचं कधी डोक्यात आलंच नव्हतं. ६०-८०-१०० लक्षात राहील. पूल धावत काढायचं बंद.

बसवाला
माझ्याकडे प्रवासी बस. आमची गोष्ट थोडी निराळी, वजन असतं, पण ते हलतं. वारा जोरात असला की मी उभ्या लोकांना आधीच सांगतो की दांडा घट्ट धरा, आणि बसायला जागा असेल तर बसवून घेतो. टपावर सामान घेत नाही, वरचं वजन आणि वरची उंची दोन्ही वाढते. टपावर ताडपत्री असेल तर एक कोपरा सुटला की ती शिडासारखी फुगते आणि बस एका बाजूला ओढली जाते. एकदा माझी दोरी सुटली होती आणि मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर ताडपत्रीचा फटका बसता बसता राहिला, तेव्हापासून वाऱ्याच्या दिवशी मध्ये थांबून गाठी हाताने ओढून बघतो.

दुचाकीवरून आठवलं, त्यांच्याबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. आपण दुचाकीला ओव्हरटेक करतो तेव्हा आधी आपण त्याचा वारा अडवतो, तो वाऱ्याकडे झुकून चालवत असतो, अचानक वारा नाहीसा झाला की तो आपल्याकडे किंवा पलीकडे हेलपाटतो. आपण पुढे गेलो की परत त्याला पूर्ण झोत बसतो. दोन झटके आपण त्याला दिले. म्हणून मी वाऱ्यात दुचाकी, सायकल यांना ओव्हरटेक करतच नाही, अगदीच करावं लागलं तर अख्खा पट्टा सोडून.

लांबपल्ला
बसवाले काका, अगदी बरोबर, आणि मोठ्या गाडीचंही तेच आहे. माझ्यापेक्षा मोठा ट्रेलर शेजारून जातो तेव्हा त्याच्या आडोशात माझी गाडी वाऱ्याच्या दिशेने खेचल्यासारखी होते, तो पुढे निघाला की परत दणका. माझं आता मत असं झालंय की वारा किती आहे यापेक्षा वारा कुठे बदलतो ते जास्त महत्त्वाचं. एकसारखा वारा असेल तर हाताला सवय होते. धोका आहे तो खिंडीच्या तोंडाशी, पुलाच्या सुरुवातीला, पुलाच्या मोठ्या खांबामागून बाहेर येताना, झाडांची रांग संपते तिथे, उंच भरावावर, बोगद्याच्या तोंडाला. अशी जागा दिसली की आधीच वेग उतरवायचा, तिथे पोचल्यावर नाही.

आणि मी पट्ट्यात किंचित वाऱ्याच्या बाजूला राहतो, म्हणजे ढकललो गेलो तर सरकायला जागा असते. दोन्ही हात स्टेअरिंगवर, पण आवळून नाही. झोत बसला की थोडंसंच फिरवायचं, आणि मनात तयारी ठेवायची की वारा आत्ता पडेल आणि मला लगेच सरळ करावं लागेल. माझं चुकलं ते इथेच, मी ओढलं आणि ओढूनच धरलं.

नवा_चालक
मी या वर्षीच मोठ्या गाडीवर आलोय, वाचून पोटात गोळा आला. काही प्रश्न विचारतो, रागवू नका. रिकाम्या गाडीत वाळूच्या गोण्या टाकल्या तर चालेल का? आणि कंटेनरचे मागचे दोन्ही दरवाजे उघडे ठेवले तर वारा आरपार जाईल ना?

ट्रेलरवाला
रागवायचं काय त्यात, विचारत राहा. दरवाजे उघडे अजिबात नाही. बंद कंटेनरला पुढून भिंत असते, वारा आरपार जाणार कुठून, उलट दरवाजे हिसके खाऊन बिजागरीतून निघतील आणि मागच्याच्या अंगावर जातील. तुम्ही जे ऐकलं असेल ते पडदेवाल्या ट्रेलरचं. ज्याच्या दोन्ही बाजूंना सरकणारा पडदा असतो, तो ट्रेलर रिकामा असेल तर दोन्ही बाजूंचे पडदे पूर्ण सरकवून घट्ट बांधतात, मग वारा मधून निघून जातो आणि ढकलायला पृष्ठभागच राहत नाही. दोन्ही बाजू उघडायच्या, एकच उघडली तर वारा आत शिरून दुसऱ्या पडद्यावर फुगतो, ते अजून वाईट.

गोण्यांचं म्हणाल तर वजनाने फायदा होतो, पण ते खाली, एक्सलवर विभागून आणि बांधून ठेवलेलं पाहिजे. मोकळ्या गोण्या एका झोकात एका बाजूला सरकल्या तर तुम्ही वाऱ्यालाच मदत केलीत. अर्धा भरलेला टँकरही तसाच. गोल टाकीला वारा कमी धरतो, पण तुम्ही स्टेअरिंग फिरवलं की आतलं पाणी इकडून तिकडे हिंदकळतं आणि तो धक्का उशिरा येतो, नेमका तुम्ही सावरत असताना.

गणितवाली
रिकाम्याचा विषय निघालाय म्हणून एक जुनी घटना सांगते. जपानमध्ये अमारुबे नावाचा उंच रेल्वे पूल होता, ४१ मीटर उंच. २८ डिसेंबर १९८६ ला तिथून एक रिकामी प्रवासी गाडी परत नेत होते आणि आडव्या वाऱ्याने तिचे डबे पुलावरून खाली फेकले. खाली मासळीचा कारखाना होता, तिथले पाच कामगार आणि गाडीचा कंडक्टर, असे सहा जण गेले. इंजिन जड, ते पुलावरच राहिलं. रिकामे डबे गेले. मी वर्गात हे सांगते तेव्हा मुलं गप्प होतात.

आता नवे पूल बांधताना वाऱ्याचा विचार करतात. स्कॉटलंडमधला क्वीन्सफेरी क्रॉसिंग २०१७ ला सुरू झाला, त्याच्या कडांना वारा अडवणारे उंच अडसर लावलेत. पण सगळ्या पुलांना ते नाहीत.

गाड्या_पाठवणारा
मी दुसऱ्या बाजूचा माणूस, गाड्या पाठवणं हे माझं काम. खरं सांगतो, पूर्वी मी फोनवर म्हणायचो, वाराच आहे ना, पाऊस तर नाही, या हळूहळू. ड्रायव्हर "हळूहळू येतो" म्हणाला की मला बरं वाटायचं. एकदा आमची एक गाडी आडवी झाली, ड्रायव्हर वाचला पण खांदा कायमचा गेला. निघायच्या आधी त्याने मला दोनदा विचारलं होतं. दोनदा. ते मी विसरू शकत नाही.

आता आमच्याकडे एवढंच ठरलंय की रिकामी उंच गाडी असेल तर निघण्याआधी वाऱ्याचा अंदाज मी बघायचा, ड्रायव्हरने नाही, आणि थांबायचं म्हटलं की का म्हणून कोणी विचारायचं नाही. अंदाजात दोन आकडे असतात, एक सरासरी आणि एक झोताचा. झोताचा बघा. सरासरी ४५ असताना झोत ६५ चा असणं काही विशेष नाही, आणि गाडीला पाडतो तो झोतच. शिवाय ते आकडे मोकळ्या जागेत जमिनीपासून १० मीटर उंचीवरचे असतात, उंच पुलावर त्याहून जास्त मिळेल असं धरूनच चाला. आणि दिशा. पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा, हे माझ्या टेबलावरची पोरंसुद्धा उलटं धरायची. रस्ता उत्तर-दक्षिण असेल तर तो पूर्ण आडवा बसणार.

लांबपल्ला
भाऊ, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. आपण "या हळूहळू" हे वाक्य सगळेच ऐकत आलोय.

दर्यावर्दी
मी बोटीवर होतो, गाडीचं फार कळत नाही, पण कुठल्या खुणेवर थांबायचं असं विचारलंय म्हणून लिहितो. ब्रिटिश नौदलातल्या ब्यूफोर्टने १८०५ साली वारा डोळ्यांनी ओळखायची मोजपट्टी केली, ती पुढे जमिनीवरच्या खुणांनाही लावली गेली. मोठ्या फांद्या हलतात, तारा शिट्टी मारतात, छत्री सांभाळणं अवघड होतं, तो ताशी ३९ ते ४९ किमी. अख्खी झाडं हलायला लागली आणि वाऱ्याविरुद्ध चालायला जड जातं, ५० ते ६१. झाडांच्या डहाळ्या मोडून पडायला लागल्या की ६२ ते ७४. झाडं मुळासकट उपटली जायला लागली की ८९ च्या वर. मोबाईलला रेंज नसली तरी झाडं असतात.

लांबपल्ला
वा, हेच हवं होतं. मग मी माझ्यापुरतं असं ठरवतो, रिकामा कंटेनर असेल तर अख्खी झाडं हलताना दिसली की वेग चाळीसवर आणि पुढचा पूल आठवायचा, आणि रस्त्यावर डहाळ्या पडलेल्या दिसल्या की पहिल्या चांगल्या जागेला गाडी उभी. हा नियम सगळ्यांना लागू असं म्हणत नाही, गाडी गाडीत फरक असतो, पण माझ्या गाडीला हा.

ट्रेलरवाला
वादळी पावसाचं वेगळं धरा. तिथे वारा हळूहळू वाढत नाही. समोर काळं आभाळ, खाली धुळीची भिंत येताना दिसते, पाऊस अजून आलेला नसतो आणि एका मिनिटात वारा दिशा बदलून अंगावर येतो. धूळ दिसली की डहाळ्यांची वाट बघू नका, तेव्हाच बाजूला घ्या. आधी दिसणंच बंद होतं.

नवा_चालक
बाजूला घेतली समजा, मग उभी कशी करायची? आडवी उभी केली तर उभ्या गाडीला पण वारा लागणारच की.

लांबपल्ला
चांगला प्रश्न. नाक वाऱ्याकडे. पुढचा चेहरा बाजूच्या मानाने जेमतेम तिसरा हिस्सा असतो. झाडाखाली नाही, मोठ्या जाहिरातीच्या फलकाखाली नाही, पत्र्याच्या शेडजवळ नाही, विजेच्या तारांखाली तर नाहीच. पक्क्या इमारतीचा आडोसा मिळाला तर उत्तम, एकट्या उभ्या भिंतीचा नको, ती अंगावर येऊ शकते. आणि वाहत्या रस्त्याच्या कडेला शक्यतो नको, दुसरा कोणी ढकलला जाऊन तुमच्यावर येईल. अगदीच थांबावं लागलं तर चारी इंडिकेटर चालू.

उतरताना दार जपून. वारा मागून असेल तर दार हातातून हिसकून पुढे आपटतं, बिजागरी वाकते, कधी माणूसच दाराबरोबर खाली जातो. दोन हातांनी धरूनच उघडायचं. नाक वाऱ्याकडे असेल तर ते परत अंगावर बंद होतं, बोटं सांभाळायची.

बसवाला
तारेचं एक राहिलं. तार तुटून गाडीवर पडली तर आतच बसून राहायचं, बॉडीला हात न लावता, आणि बाहेरच्यांना ओरडून लांब ठेवायचं, वीज बंद झाल्याचं वीजवाल्यांनी सांगेपर्यंत. गाडीला आग लागली तरच बाहेर, तेही पायऱ्या न उतरता दोन्ही पाय जोडून लांब उडी, एक हात गाडीला आणि एक पाय जमिनीला असं कधीच नाही. मग पाय जमिनीवरून न उचलता छोटी छोटी पावलं सरकत लांब जायचं. हे मी प्रत्येक कंडक्टरला पहिल्या दिवशी सांगतो.

नवा_चालक
सगळं लिहून घेतलं. काका, ताई, दादा, खूप आभार.

लांबपल्ला
आज परत त्याच रस्त्याला आहे, परत रिकामा. खिंडीच्या अलीकडे थांबलोय, पलीकडची झाडं पूर्ण वाकतायत. मालकांना फोन केला, सांगितलं थांबतोय, ते म्हणाले थांबा. नाक वाऱ्याकडे केलंय, चाकांना ठोकळे लावलेत.

ट्रेलरवाला
दरडीपासून लांब आहात ना?

लांबपल्ला
हो, मोकळ्या मैदानात, दरड बरीच मागे. वारा उतरला की कळवतो.